बारा वाजून सात मिनिटांचा फोटो

आमच्या पुंता मांगले या कोळ्यांच्या गावात चोर कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ज्याचा त्याचा चोर वेगळा होता.

२००९ साल लागलं त्या रात्री कोळ्यांच्या असोसिएशनचं बोटीचं इंजिन गेलं. पंधरा हॉर्सपॉवरचं, कोरं करकरीत, दोन महिनेसुद्धा पाण्यात गेलं नव्हतं. आम्ही सगळे वाळूवर होतो. जुनं वर्ष आम्ही जाळतो, म्हणजे जुन्या कपड्यांत भुसा नि फटाके भरून बाहुले करतो आणि ज्याच्यावर राग असेल त्याचा मुखवटा त्याला लावतो. बाराला जाळ लागतो. मग समोर येईल त्याला मिठी मारायची, वर्षभराचं भांडण असलं तरी. हे तासभर चालतं. त्या तासात कुणीतरी साखळी कापली, इंजिन खांद्यावर टाकलं नि गेला.

पोलीस आले, माशाचे तळलेले कोर्विचे खाल्ले, गेले. इंजिन सापडलं नाही. सहा वर्षं आम्ही एकमेकांच्या मागच्या दारात डोकावत राहिलो. तेव्हापासून प्रत्येक कोळी पहाटे बोट लावली की इंजिन सोडून खांद्यावर घरी नेतो. कुणी पलंगाखाली ठेवतो, कुणी बायकोच्या बाजूला.

मी इथला मिस्त्री. रेडिओ, पंखे, मिक्सर, इंजिनाचे कार्ब्युरेटर, जे येईल ते उघडतो. शाळा चार यत्ता, त्यातली एक दोनदा. हॉल्गर मेरो हा माझा कोंपाद्रे. त्याच्या पोरीला, मायेर्लीला, बाप्तिस्म्याला मी हातात धरलं होतं, म्हणून हे नातं; तिचा मी पाद्रिनो, तिची आई माझी कोमाद्रे. आमच्याकडे ते सख्ख्या भावाहून जड असतं. भावाशी निदान भांडता तरी येतं.

तर मायेर्लीला पंधरावं लागणार होतं. पोरगी एक दिवस पहाटे, अंधार असतानाच, दुकानात आली, हातात चंदेरी कॅमेरा.

"पाद्रिनो, हा मेलाय का बघा ना."

तिच्या मावशीनं स्पेनहून पाठवला होता, कधीतरी. समुद्राची हवा सगळं खाते, म्हणून ग्लिसेरिया, तिची आई, विजेची वस्तू तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते. कॅमेरा तिथंच वर्षानुवर्षं पडला होता. मी सेलची झडप उघडली, आत हिरवी बुरशी. लिंबानं पुसली, टपरीवरचे दोन सेल घातले, दोन-तीनदा बटण दाबलं. पेटला. पोरगी नाचत घरी गेली.

ते टपरीवरचे सेल एक सकाळ चालले. दोन फोटो निघाले आणि कॅमेरा परत तांदळात. वाढदिवसाला भाड्याचा फोटोवाला आणला. पुढं त्याच्या फोटोंबरोबर मायेर्लीनं आपले दोनही शहरात छापून आणले.

फोटो बघायला सगळ्यांना बोलावलं होतं. ताटं फिरत होती, फोटो फिरत होते. आणि सेकुंदिनोनं, म्हणजे असोसिएशनच्या सेक्रेटरीनं, एक फोटो पुढं दिलाच नाही. तो माणूस माशाचे काटेसुद्धा मोजून ताटाच्या कडेला लावतो. त्यानं फोटो दिव्याखाली धरला.

"हॉल्गर, हे काय रे?"

"काय? मी आहे."

"ते दिसतंय. खांद्यावर काय आहे?"

"इंजिन. आणि काय असणार, तुझी सासू?"

लोक हसले. सेकुंदिनो हसला नाही. "कोपऱ्यात वाच."

मी पण वाकून पाहिलं. मागं सगळा काळोख, फ्लॅशच्या उजेडात हॉल्गर पाठमोरा, डोक्यावर टोपी, अंगात इक्वेडोरची पिवळी जर्सी, खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं इंजिन. आणि खाली कोपऱ्यात नारिंगी आकडे. एक जानेवारी २००९. रात्रीचे बारा वाजून सात.

कुणाचा तरी चमचा ताटात पडला.

"काका, तो मी गेल्या महिन्यात काढलाय," मायेर्ली म्हणाली. "पहाटे पप्पा बोटीवरून येत होते तेव्हा."

"तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, बाळा," सेकुंदिनो मऊ आवाजात म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला की माझ्या मानेवर काटा येतो. "बापानं सांगितलं असेल विसर म्हणून. विसरलीस."

"अरे जर्सी बघ की!" हॉल्गर ओरडला. "ही तर आत्ताची जर्सी!"

"दहा वर्षं तू तीच घालतोस, लेका. वास सांगतो."

दुसरा फोटो मागवला. त्यात कोंबड्या होत्या, हललेल्या, वेळ बारा पाच. मी म्हटलं, रात्री बाराला कोंबड्या अंगणात काय करतात? तर मागून कुणीतरी म्हणालं, फटाक्यांनी जाग्या झाल्या असतील. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. माणसानं एकदा संशय घ्यायचं ठरवलं की कोंबड्यासुद्धा साक्षीला येतात.

मग सेकुंदिनोनं विचारलं, "बरं, ते सोड. त्या रात्री बाराला तू कुठं होतास?"

"वाळूवर. सगळे होते तिथंच."

आणि इथं मी ताट खाली ठेवलं. कारण बाराच्या ठोक्याला मी त्याला शोधत होतो. कोंपाद्रेला पहिली मिठी, हा आमचा रिवाज. सगळा जाळ मी गोल फिरलो. हॉल्गर नव्हता. साडेबाराच्या सुमाराला आला, घामाघूम, धापा टाकत, आणि मला अशी घट्ट मिठी मारली की फासळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी इंजिन गेल्याचं कळलं, तेव्हा मी तो घाम आठवला होता. आणि मुकाट बसलो होतो. सहा वर्षं.

त्या दिवशीही मुकाट बसलो.

पुढचे तीन आठवडे हॉल्गरबरोबर कुणी बोटीत चढलं नाही. तो एकटाच खाडीच्या तोंडापर्यंत जायचा, चार मासे घेऊन यायचा. बर्फवाला त्याला शेवटी बर्फ द्यायचा, वितळत आलेला. चर्चमध्ये तो बसला की बाक रिकामा व्हायचा. ग्लिसेरिया विहिरीवर गेली की बायका गप्प व्हायच्या, ती पाठमोरी झाली की सुरू.

आणि मी? माझं सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. एक दिवस त्यानं आपलं इंजिन दुरुस्तीला आणलं. तो बाहेर सिगारेट ओढत होता तेवढ्यात मी पेचकस घेऊन कवचाच्या आतला रंग खरवडायला लागलो. असोसिएशनच्या इंजिनावर आतून आम्ही खूण ठोकली होती. म्हटलं बघावं.

मान वर केली तर तो दारात उभा.

"शोध, कोंपाद्रे," तो म्हणाला. "सापडलं तर मलाही दाखव."

खूण नव्हती. पण ते बघायला मला रंग खरवडावा लागला, हे आम्हा दोघांच्या मध्ये तसंच राहिलं. त्यानं इंजिन उचललं नि नेलं, बिघडलेलंच.

मग नोटीस लागली. रविवारी सकाळी सभा, विषय एकच. हॉल्गर मेरोला असोसिएशनमधून काढायचं का. काढलं की वाळूवर बोट लावायची जागा गेली, बर्फ गेला, माशाचा ट्रक त्याच्या टोपलीपुढं थांबणार नाही. चाळीस वर्षांच्या कोळ्यानं मग करायचं काय, बाजारात मोजे विकायचे?

सोमवारी दुपारी ग्लिसेरिया दुकानात आली. तांदळाचा डबाच काखेत घेऊन आली होती. झाकण काढलं, हात आत घातला, कॅमेरा काढला, माझ्या टेबलावर आपटला. तांदूळ सगळीकडं.

"कोंपाद्रे, याला विचारा खोटं का बोलतोय."

"यंत्र खोटं कशाला बोलेल, कोमाद्रे?"

"म्हणजे माझा नवरा बोलतोय?"

मी कॅमेरा उलटा करून बघायला लागलो.

"तुम्हाला पण वाटतं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर लिहिलंय."

"हा तुमच्याकडे आला कधी? नक्की कुठल्या नाताळात?"

"आठच्या की नवाच्या, कुणाला आठवतं? बहिणीला फोन केला. ती म्हणते तीन बहिणींना तीन पाठवले, त्यात कुणाला कधी ते देवाला माहीत." मग ती जरा पुढं झुकली. "तो चोर नाही. मला पक्कं ठाऊक आहे."

"पक्कं कसं?"

ती ओंजळीनं तांदूळ गोळा करून डब्यात भरायला लागली. आणि मी, माझी संशयाची खोड, मनात म्हटलं, हिला काहीतरी ठाऊक आहे आणि ही सांगत नाही. दोघं मिळून आहेत.

ती गेली नि लाइट गेली. आमच्याकडं ते रोजचंच. अर्ध्या तासानं आली, पंखा फिरायला लागला, आणि फळीवरचा जुना व्हिडिओ प्लेयर मिचकावायला लागला. बारा, बारा, बारा. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलेला, परत न्यायला न आलेला. लाइट गेली की वेळ विसरतो आणि बारापासून सुरू होतो. वीस वर्षं बघतोय मी ते.

मी त्याच्याकडं बघत राहिलो. मग कॅमेऱ्याकडं.

आणि मला आठवलं. त्या दिवशी सेल घातल्यावर स्क्रीनवर काहीतरी अक्षरं आली होती. काहीतरी विचारत होता तो. चष्मा माझा घरी होता. मी बटण दाबलं, परत दाबलं, अक्षरं जाईपर्यंत दाबलं. चार यत्ता शिकलेल्या माणसाला यंत्रानं प्रश्न विचारला की तो असाच उत्तर देतो.

मी मेलेले सेल बाहेर काढले. नवे घालायला हात गेला आणि थांबला. समजा घातले, नि याला आजची तारीख बरोबर आठवली तर? मग हॉल्गर चोर. मग मला ते ठाऊक असणार, आणि रविवारी सभेत हात वर करावा लागणार. अशा कॅमेऱ्याच्या पोटात घड्याळापुरती थोडी ताकद साठलेली असते, सेल नसले की ती काही दिवसांत उतरते. म्हटलं, राहू दे रिकामा रविवारपर्यंत. कारण चांगलं होतं. खरं कारण हे की बघायची हिंमत नव्हती.

असोसिएशनची खोली म्हणजे विटांचा चौकोन, एक दार बाजूच्या गल्लीत, एक खिडकी समुद्राकडं. रविवारी तिथं मुंगीला जागा नव्हती. पुढं टेबलामागं अध्यक्ष एलादियो. सत्तरीचा माणूस, सगळ्यांच्या बोटी त्याच्या डोळ्यांसमोर बांधलेल्या, त्याच्या शब्दापुढं कुणी जात नाही. शेजारी सेकुंदिनो, वही उघडी, फोटो वहीवर. हॉल्गर भिंतीला टेकून, तीच पिवळी जर्सी घालून. मुद्दाम घातली होती, गाढवानं.

सेकुंदिनोनं सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाला, "कुणाला काही बोलायचंय?"

मी उठलो. कॅमेरा टेबलावर ठेवला.

"यात सेल नाहीत. सोमवारपासून नाहीत. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं घालावेत."

"ही काय जादू चाललीय, मिस्त्री?" सेकुंदिनो म्हणाला.

"घाला तर."

एलादियो म्हाताऱ्यानं सेल घेतले. एक सेल त्याच्या बोटांतून निसटून खाली पडला, कुणीतरी उचलून दिला. माझ्या छातीत व्हिडिओ प्लेयर मिचकावत होता. कॅमेरा पेटला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं. "मोठ्यानं वाचा."

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "तारीख आणि वेळ लावा."

"लावू नका. बटण दाबा. अक्षरं जाईपर्यंत दाबा. मी तसंच केलं होतं."

त्यानं दाबलं. मी कॅमेरा घेतला, सेकुंदिनोच्या तोंडासमोर धरला, फ्लॅश मारला. मग मागचा स्क्रीन त्याच्याकडं फिरवला. स्वतः अजून पाहिला नव्हता.

सेकुंदिनो बघत राहिला. त्याच्या ओठांवर आकडे नुसते हलत होते.

"मोठ्यानं, सेक्रेटरी."

"एक जानेवारी," तो म्हणाला. "दोन हजार नऊ. रात्रीचे बारा."

मी टेबलाची कड धरून ठेवली.

"म्हणजे तूही होतास तर!" मागून कुणीतरी ओरडलं. "सेकुंदिनो, इंजिन कुठंय?"

खोली फुटली हसून. मी म्हटलं, थांबा, आता सगळे. खुर्चीवर चढलो आणि सगळ्या सभेचा एक फोटो काढला, पुढच्या टेबलासकट. स्क्रीन हातोहात फिरला. बारा वाजून एक मिनिट. "आपण सगळेच चोर," मी म्हणालो. "पाद्री तेवढे वाचले, ते आले नाहीत. हे यंत्र तांदळात झोपलं की तारीख विसरतं, आणि जाग आली की जन्माच्या दिवसापासून मोजायला लागतं. पोरीनं फोटो काढला तेव्हा त्याला जाग येऊन सात मिनिटं झाली होती. आणि त्यानं मला विचारलं होतं आज काय तारीख. मी उत्तर दिलं नाही. चूक माझी आहे. वहीत लिहा, माझ्या नावानं लिहा."

सेकुंदिनो अजून हरला नव्हता. पेन खाली ठेवून म्हणाला, "ठीक. कॅमेरा गेला उडत. पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. बाराला हॉल्गर वाळूवर नव्हता. मी सगळ्यांना विचारलंय. एकानंही त्याला मिठी मारलेली नाही. मिस्त्री, तुम्ही मारलीत?"

सगळे माझ्याकडं वळले. हॉल्गरसुद्धा.

"साडेबाराला," मी म्हणालो. खोटं बोलता आलं असतं. आलं नाही.

"मग बाराला कुठं होता?"

हॉल्गरनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. ती खोली परत थंड पडायला लागली, मला कळत होतं. माणसं परत त्याच्या खांद्याकडं बघायला लागली, इंजिन तिथं असल्यासारखी.

"बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत होता," ग्लिसेरिया म्हणाली.

ती दारात उभी होती. बायका सभेला येत नाहीत, पण तिला कोण अडवणार.

"सूटकेस घेऊन पळत होता."

कुणी हसलं नाही. आमच्याकडं बाराच्या ठोक्याला रिकामी सूटकेस घेऊन घराभोवती पळतात. पळेल त्याला त्या वर्षी परदेशचा प्रवास घडतो. पोरंटोरं पळतात, हसत हसत, घरच्यांसमोर. चोरून कुणी पळत नाही. चोरून पळणारा खरंच जायला निघालेला असतो.

"तीन फेऱ्या मारल्या," ती म्हणाली. "माझी सूटकेस, माळ्यावरची. मी कोपऱ्यावर उभी होते, मायेर्ली माझ्या बहिणीकडं वाळूवर. मला वाटलं, दुसऱ्या फेरीला दिसेन मी याला. नाही दिसले. तिसऱ्या फेरीला चाक तुटलं, तरी ओढत होता."

हॉल्गर तिच्याकडं बघत होता, तोंड अर्धवट उघडं. "तू पाहिलंस?"

"डोळे आहेत मला."

"आणि बोलली नाहीस? सहा वर्षं?"

"तू गेला नाहीस ना," ती म्हणाली.

त्यानं जर्सीच्या बाहीनं नाक पुसलं. मग हळूच म्हणाला, "एकटा नव्हतो जाणार. आधी मी, मग तुम्हाला बोलावलं असतं."

"ते आपण घरी बघू," ग्लिसेरिया म्हणाली. तेव्हा मात्र सगळे हसले, कारण दुपारी जेवणाबरोबर त्याला काय काय ऐकावं लागणार ते त्या आवाजात होतं.

त्याला ठेवायचं म्हणून हात वर झाले. सेकुंदिनोचा सगळ्यात शेवटी, पण झाला. हॉल्गर राहिला. बाहेर पडताना तो माझ्यासमोर थांबला. मी म्हटलं, इंजिन आण उद्या, फुकट करून देतो, खरवडलेला रंग पण लावतो. म्हणाला, "रंग नको लावूस. राहू दे." आणि मिठी मारली. त्या रात्रीइतकी घट्ट नाही. ती यायला वेळ लागेल.

अध्यक्ष एलादियो शेवटी बोलला. "विषय संपला. हे इंजिन परत सभेत काढायचं नाही. सेकुंदिनो, ते पान फाडून टाक." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मायेर्ली कॅमेरा घेऊन दुकानात आली. मी आधी चष्मा लावला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून तारीख लावली, मग घड्याळ. तिला वाचून दाखवायला लावलं, दोनदा. ती जुने फोटो पुढं-मागं करत बसली होती. सभेच्या फोटोवर थांबली.

"पाद्रिनो, सगळे हसतायत, आणि अध्यक्षांनी तोंड का झाकलंय?"

मी बघितलं. खोली भरून दात, उघडी तोंडं, वर गेलेल्या टोप्या. आणि टेबलामागं एलादियो म्हातारा, दोन्ही तळहात चेहऱ्यावर, नुसता एक कान दिसतोय. खाली नारिंगी आकडे, एक जानेवारी, बारा एक.

पेचकस माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला. सभा सकाळची होती, आणि आमची एकुलती खिडकी समुद्राकडं, मावळतीला; सकाळी तिथून ऊन येत नाही, आणि वहीतलं पान फाडायला लावलं तेही त्यानंच.

"ऊन असेल गं," मी म्हणालो.